उत्प्रेरक कशास म्हणावे?

मकरध्वज सिद्ध झाल्यावर कूपी फोडली असता गळ्याशी सिंदूर व तळाशी सुवर्ण आढळते, हे आपणा सर्वांस परिचित आहे. तळाशी उरलेल्या या सुवर्णास ‘उत्प्रेरक’ म्हणण्याचा प्रघात व्याख्यानांत आणि औषधांच्या माहितीपत्रकांतही दिसतो. आम्हीही विद्यार्थ्यांना अनेक वर्षे तसेच सांगत आलो. परंतु ज्या शास्त्रातून हा शब्द आपण घेतला, त्या शास्त्राची कसोटी लावल्यावर आमचे विधान अपुरे असल्याचे ध्यानात आले. त्या कसोटीचा येथे विचार करू.

व्याख्या : स्वीडनचे रसायनज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये ही संज्ञा योजिली. जो पदार्थ रासायनिक क्रियेचा वेग वाढवितो व क्रियेअंती स्वतः खर्ची पडत नाही, तो उत्प्रेरक. तो क्रियेत भाग घेतो, तिला कमी ऊर्जेचा मार्ग देतो आणि शेवटी पूर्ववत होतो. जी क्रिया मुळात संभवनीय नाही, ती मात्र तो घडवू शकत नाही. तात्पर्य, वेग वाढविणे आणि खर्ची न पडणे ही दोन्ही लक्षणे आवश्यक आहेत.

औषधनिर्मितीतील उदाहरण : कंपवातात वापरले जाणारे लेव्होडोपा हे द्रव्य कपिकच्छूच्या बीजात निसर्गतः असते. १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी ते या बीजांतून वेगळे केले. प्रयोगशाळेत हेच द्रव्य सामान्य रीतीने बनविल्यास डाव्या-उजव्या हातांप्रमाणे परस्परांची प्रतिबिंबे असलेली दोन रूपे समप्रमाणात मिळतात. त्यांपैकी एकच गुणकारी असते. दुसरे निरुपयोगी, किंबहुना अपायकारक. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम धातूस विशिष्ट घडणीचे फॉस्फरसयुक्त संयुग जोडून एक उत्प्रेरक सिद्ध केला. त्याच्या अत्यल्प मात्रेने १०० भागांपैकी सुमारे ९७ भाग इष्ट रूपाचे मिळू लागले. १९७० च्या दशकात ही पद्धत कारखान्यात आली आणि २००१ मध्ये नोल्स यांना नोयोरी व शार्पलेस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. येथे उत्प्रेरकाचे कार्य गृहीत धरलेले नाही, मोजलेले आहे.

अवशेषाचा प्रश्न : ‘खर्ची पडत नाही’ याचा अर्थ ‘औषधात उतरत नाही’ असा नव्हे. उत्प्रेरक गाळून वेगळा करावा लागतो आणि तरीही उरलेला अंश तपासावा लागतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार मुखावाटे घ्यावयाच्या औषधात ऱ्होडियम वा पॅलेडियम यांची मर्यादा दररोज १०० मायक्रोग्रॅम आहे.

आपल्या रसशाळेत : आता मकरध्वजाकडे वळू. सुवर्ण न घालता त्याच पारद-गंधकाच्या कज्जलीपासून वालुकायंत्रात रससिंदूर तयार होतोच. म्हणजे ही क्रिया सुवर्णाविनाही घडते. सुवर्ण तळाशी राहिले, एवढ्याने एक लक्षण जुळते; दुसरे सिद्ध व्हावयाचे राहते. त्यासाठी एकाच कज्जलीचे दोन भाग करून, एकात सुवर्ण घालून व एकात न घालता, समान कूपी व समान अग्नी ठेवून, लागलेला काळ, तापमान आणि सिंदूराचे वजन यांची नोंद करावी. सुवर्णाचे वजनही आधी व नंतर घ्यावे, आणि सिद्ध औषधात त्याचा अंश उतरला का हे तपासून घ्यावे. मकरध्वजाचे गुण या कसोटीवर अवलंबून नाहीत. आपले विधान मात्र अवलंबून आहे.

याउलट आसवारिष्टांतील उदाहरण निःसंदिग्ध आहे. धायटीच्या फुलांबरोबर येणाऱ्या किण्वांतील विकरे शर्करेचे मद्यार्कात रूपांतर घडवितात. ही विकरे खरेखुरे जैविक उत्प्रेरक होत.

वैद्यबंधूंना व औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे की, मोजमाप हाती येईपर्यंत माहितीपत्रकात ‘सुवर्ण उत्प्रेरकाचे कार्य करते’ असे न लिहिता ‘सुवर्णासह सिद्ध’ एवढेच लिहावे. उसना घेतलेला शब्द त्याच्या कसोटीसह घ्यावा, यातच शास्त्राचा सन्मान आहे.