स्टिरॉइड संप्रेरके आणि अस्थिकर्करोगाच्या पेशी

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुधा वाढीच्या वयातील मुलामुलींना होतो व गुडघ्याच्या आसपास अधिक आढळतो. त्याच्या पेशींचे हाडे घडविणाऱ्या अस्थिजनक पेशींशी जवळचे साम्य असते. त्यामुळे हाडांना मिळणारे संप्रेरकांचे संदेश या पेशींनाही पोहोचतात.

हे संदेश दोन मार्गांनी येतात. पॅराथायरॉइड संप्रेरक पेशीत शिरत नाही. ते पेशीच्या आवरणावरील ग्राहीस चिकटते आणि आत सायक्लिक एएमपी नावाचा दुय्यम संदेशवाहक तयार होतो. याच संदेशवाहकाच्या कार्याच्या संशोधनाबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्टिरॉइड संप्रेरके मात्र आवरण ओलांडून आत जातात, तेथील ग्राहीशी जोडली जातात आणि पेशीकेंद्रकातील जनुकांचे कार्य वाढवितात अथवा रोखतात. या क्रियेचा परिणाम दिसण्यास सहसा काही तास लागतात.

हे दोन्ही मार्ग परस्परांत गुंतलेले आहेत. उंदरांच्या जातीतील रॅट या प्राण्याच्या अस्थिकर्करोगापासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले असता पॅराथायरॉइड संप्रेरकाचे ग्राही वाढतात आणि तेवढ्याच संप्रेरकाने अधिक सायक्लिक एएमपी तयार होते. उलट, स्टिरॉइडशी रचनेने जवळचे असलेले ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप हा प्रतिसाद घटविते. म्हणजेच पेशीने दुसऱ्या संप्रेरकाला किती प्रतिसाद द्यावा, हेही स्टिरॉइड ठरवीत असते.

तथापि, हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील पेशींचे आहेत. त्यांवरून स्टिरॉइड हा या कर्करोगावरील उपचार आहे, असा अर्थ कोणीही काढू नये. रसायनोपचार आणि शस्त्रक्रिया हाच या रोगावरील उपचारांचा मुख्य आधार आहे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलाच्या हाडाचे दुखणे काही आठवडे टिकले, रात्री वाढू लागले किंवा सूज दिसली, तर मालिश करण्यात अथवा सल्ल्याविना स्टिरॉइडच्या गोळ्या देण्यात वेळ दवडू नये. क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. स्टिरॉइड आधीपासून चालू असल्यास डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे आणि ते आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. वेळीच झालेल्या निदानाने मुलाचा जीव, आणि अनेकदा त्याचा पायही, वाचू शकतो.