आजोबांच्या गाडीचा खरा रंग कोणता?

मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी पळच काढला होता. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट! ऱ्हस्व-दीर्घाचा आणि माझा छत्तीसचा आकडा. पण गेली दीड वर्षं सुट्टीत मी जे काम केलं, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मंडळींकडून मराठीतच शिकले. लांबी, पॉलिश पेपर, थिनर, गन... हे शब्द मला कुठल्याच टेक्स्टबुकात भेटले नव्हते. तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, चुका पदरात घ्या आणि पुढे वाचा.

आमच्या घरी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी नवी कोरी घेतलेली. आपल्या पिढीला पद्मिनी म्हटलं की मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते. पण ही गाडी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, आणि फियाटशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर! मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. ती बातमी आजोबांनी दोनदा वाचून घेतली, आणि म्हणाले, "आपली उभी आहे तोवर चालू करा रे कुणीतरी."

'कुणीतरी' म्हणजे अर्थातच मेकॅनिकलवाली नात.

इंजिनाची गोष्ट पुन्हा कधीतरी. आज फक्त रंगाबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त भांडणं रंगावरूनच झाली.

चार साक्षीदार, चार रंग

शेडमधली गाडी पांढरी होती. हा पांढरा रंग बाबांच्या लग्नाआधी, १९९९ मध्ये मारलेला. मग त्याच्या आधीचा कोणता? आजी म्हणाली, निळी. "आकाशी गं, माझ्या माहेरच्या दारांसारखी." आजोबा म्हणाले, निळी कसली, राखाडी. बाबा म्हणाले, हिरवट होती, मी शाळेत त्याच गाडीतून जायचो. आरसी बुकात लिहिलंय नुसतं 'निळा'. निळ्या रंगाच्या किती शेड असतात हे आरटीओला काय सांगणार?

बाबांचं मत असं की एवढा खर्च करतोच आहोत तर झकास मेटॅलिक लाल मारू. मी नाही म्हटलं. एक कारण कायद्याचं. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, बदलला तर नोंदही बदलून घ्यावी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. तो नियम चासी, बॉडी आणि इंजिनाबद्दल बोलतो, रंगाबद्दल नाही. पण 'मूळ रूप' म्हणायचं आणि लाल मेटॅलिक मारायचा, हे मला पटेना. आमच्या गाडीची पन्नाशी २०२८ मध्ये.

दुसरं कारण आजोबांचं. वय ८१, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख पुढे पुढे ढकलत होते. त्यांना त्यांची गाडी दिसायला हवी होती, माझी नाही.

पायरी पहिली : हात लावण्याआधी मोजा

मटेरियल्सच्या लॅबमधून सरांच्या परवानगीने कोटिंग थिकनेस गेज घेतलं. पत्रा लोखंडी असल्यामुळे ते चुंबकीय तत्त्वावर चालतं. प्रोब आणि लोखंड यांच्यात किती अंतर आहे ते मायक्रॉनमध्ये सांगतं. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचा सगळा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. टपावर ३४० आलं, म्हणजे रंगावर रंग. उजव्या पुढच्या मडगार्डवर १२००! म्हणजे तिथे कधीतरी ठोकली आणि आत लांबी भरलीये. (आजोबा म्हणाले, "बैलगाडी आडवी आली होती." आजी हसली.) डिकीच्या झाकणावर मात्र १९० च. तिथे लांबी नाही, पांढऱ्याखाली मूळ रंग शाबूत असणार.

मग थिनरची परीक्षा. कोपऱ्यात थिनरचं फडकं फिरवलं, पांढरा रंग फडक्यावर उतरला. म्हणजे तो लॅकर. लॅकर नुसतं थिनर उडून सुकतं, म्हणून पुन्हा थिनर लावलं की विरघळतं. खालचा थर विरघळला नाही, म्हणजे तो इनॅमल. इनॅमल सुकताना रासायनिक क्रियेने त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, ती गाठ थिनरने सुटत नाही.

इथे एक गंमत. आपल्याकडचे सुतार चकचकीत फर्निचरला 'ड्युको पॉलिश' म्हणतात ना? 'ड्युको' हे ड्यू पाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात ते प्रथम गाजलं. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी तर १९१४ ते १९२५ काळ्याशिवाय दुसऱ्या रंगात मिळतच नव्हती. म्हणजे रंगीत गाड्या रस्त्यावर आल्या त्यात इंजिनियरांइतकाच केमिस्ट लोकांचाही वाटा आहे. केमिकलवाल्यांनो, टाळ्या!

पायरी दुसरी : झाकलेल्या जागी शोधा

मूळ रंग कुठे सापडतो? जिथे ऊन, पाणी आणि रंगारी पोचत नाहीत तिथे. दाराच्या पॅडमागे, काचेच्या रबरी बीडिंगखाली, डिकीतल्या मॅटखाली, डॅशबोर्डच्या पाठीमागे. मी दाराचं पॅड काढलं. आतला रंग स्वच्छ, एक ओरखडा नाही. आणि तो चक्क हिरवट निळा होता! बाबा खूश. "मी म्हटलं नव्हतं?"

मीसुद्धा तोच खरा मानून रंग मिसळायला निघाले होते. वर्कशॉपचे मिस्त्रीकाका म्हणाले, "पोरी, अंधारात ठेवलेला ऑइल पेंट पिवळा पडतो. घरातल्या कपाटामागची भिंत बघितलीस का कधी?"

मी शोधलं, आणि काका शंभर टक्के बरोबर निघाले. वनस्पती-तेल असलेली रेझिन्स अंधारात वर्षानुवर्षं राहिली की पिवळसर होतात. उजेडात ठेवली की तो पिवळेपणा बराचसा उतरतो. निळ्यावर पिवळी झाक आली की डोळ्याला दिसतं हिरवट. उलट बाहेरच्या रंगावर ऊन पडतं. अतिनील किरणांनी रंगातला चिकटवणारा भाग तुटतो, वर नुसती पूड उरते, आणि रंग फिका, पांढुरका दिसतो. यालाच चॉकिंग म्हणतात. थोडक्यात, बाहेरचा साक्षीदार उन्हाने बिघडलेला आणि आतला अंधाराने!

मग एक प्रयोग केला. पॅडमागची एक सुटी पत्र्याची पट्टी काढून आणली. ती गाडीसोबतच रंगवलेली होती. अर्धी पट्टी अॅल्युमिनियम फॉइलने झाकली, अर्धी उघडी ठेवली, आणि पट्टी आपल्या हॉस्टेलच्या टेरेसवर ठेवली. फेब्रुवारीतले बारा दिवस. (टेरेसवर पत्रा कुणाचा म्हणून ज्यांनी चौकशी केली त्या सगळ्यांना हे उत्तर. रेक्टर मॅडम, सॉरी!) बाराव्या दिवशी फॉइल काढलं तर मध्ये सरळ रेघ दिसत होती. झाकलेली बाजू हिरवट, उघडी बाजू आकाशी, त्यात किंचित राखाडी.

आजी जिंकली. आजोबांचा 'राखाडी' पण अगदीच चुकीचा नव्हता.

पायरी तिसरी : डोळ्यावर नाही, आकड्यांवर जा

रंगाच्या दुकानात आता स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. तो रंगाला तीन आकडे देतो. एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे लाल-हिरव्या दिशेला किती, बी म्हणजे पिवळ्या-निळ्या दिशेला किती. दोन रंगांतलं अंतर म्हणजे डेल्टा ई. ते साधारण एकच्या आसपास असेल तर फरक डोळ्याला जेमतेम कळतो. आमच्या पट्टीच्या दोन अर्ध्या भागांत सगळ्यात जास्त बदल बी मध्ये होता. पिवळेपणाच गेला होता, हे मशीननेही सांगितलं.

तरी पहिला नमुना फसला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळला, बाहेर उन्हात आणला तर जांभळट! याला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या पिगमेंटनी बनले असतील तर एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. म्हणून नमुना नेहमी पत्र्याच्या तुकड्यावर मारून, पूर्ण सुकवून, उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे बघायचा. आमचं चौथ्या खेपेला जमलं.

रंग आम्ही टू-के पॉलियुरेथेन घेतला, पण वरून क्लिअर कोट नाही. मूळ रंगावर क्लिअर कोट नव्हता. तो मारला की जुनी गाडी काचेच्या बरणीत ठेवल्यासारखी दिसते. एक महत्त्वाची सूचना : टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क काही कामाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि हवेशीर बूथ हवा. तसंच जुने रंग कोरडे घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावूनच घासा. हॉस्टेलच्या मागे स्वतः स्प्रे करायचा विचार असेल तर कृपया सोडून द्या!

माझी चूक

आता न सांगण्यासारखी गोष्ट सांगते. डिकीच्या झाकणावरचा पांढरा थर काढून खालचा मूळ रंग उघडा करायचं ठरलं होतं. बाहेरच्या बाजूचा एवढाच भाग शाबूत उरला होता. थिनर लावलं तर खालचा थर फुगायची भीती, म्हणून ८०० चा पॉलिश पेपर, पाणी आणि हात. रोज वीतभर. पाच दिवसांत अर्धं झाकण निळं दिसू लागलं. सहाव्या दिवशी मला हॉस्टेलला परतायची घाई होती. मी बफिंग मशीन लावलं.

कडेला चार सेकंद पुरले. निळा गेला, खालचा लाल प्रायमर दिसला.

ओला रंग सुकताना पृष्ठताणामुळे कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे धारेवर थर सगळ्यात पातळ असतो. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही असतं. पण शेहेचाळीस वर्षं टिकलेली बोटभर जागा मी चार सेकंदांत पुसली, आणि ती आता कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. काका ओरडले नाहीत. मशीनचा प्लग काढून वायर गुंडाळून ठेवली. उरलेलं झाकण मी हाताने केलं. हॉस्टेलला चार दिवस उशिरा आले.

तेव्हा मला एक गोष्ट नीट कळली. 'मूळ शेड' आणि 'मूळ रंग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेड पुन्हा बनवता येते, मूळ थर बनवता येत नाही. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची, फिवाची, २०१२ ची तुरीन सनद हेच सांगते : आधी जपा, दुरुस्ती लागेल तेवढीच करा, आणि काय केलं ते लिहून ठेवा.

म्हणून आम्ही बाकीची गाडी नव्याने रंगवली, कारण तिथे गंज आणि लांबीशिवाय काही उरलं नव्हतं. पण डिकीचं झाकण तसंच ठेवलं. फिकट, ओरखड्यांचं, कडेला ब्रशने टचअप केलेलं. बाबा म्हणतात, "लोक म्हणतील पैसे संपले." म्हणोत. पुढे कुणाला आमचा रंग चुकीचा वाटला तर त्याला पडताळून बघायला एक जागा राहील. ती पट्टी, रंगाचे आकडे, गेजची रीडिंग्ज आणि फोटो, सगळं एका पाकिटात घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय.

शेवटचा साक्षीदार

मे महिन्यात आजोबांचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट-तपकिरी होतं आणि निळा प्रकाश अडवतं. म्हणून त्यांना निळं राखाडी दिसत होतं. चित्रकार क्लोद मोने यांचंही १९२३ मध्ये हे ऑपरेशन झालं होतं, आणि नंतर सगळं फार निळं दिसतं अशी त्यांची तक्रार होती.

पट्टी सुटल्यावर आजोबांना शेडमध्ये नेलं. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. एकदा उजवा डोळा झाकून बघितलं, एकदा डावा. मग म्हणाले, "एवढी निळी नव्हती गं."

आजी म्हणाली, "निळीच होती. तुम्हीच विसरलात."

आजोबा डिकीपाशी गेले, झाकणावर हात ठेवला, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. "ही मात्र आपली," म्हणाले.

कुणाच्या घरी अशी जुनी गाडी उभी असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी एकदा दाराचं पॅड काढून बघा. गेज लॅबमध्ये आहे. आणि बफिंग मशीन लावायचा मोह झालाच, तर आधी मला हाक मारा. मुलींचं हॉस्टेल, दुसरा मजला!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी