शिशाची धूळ घरात नको

प्रश्न : आम्ही टेक्सासला असतो. यजमान शूटिंग रेंजवरून, रीतसर परवानगीनं, रिकामी पितळी काडतुसं आणि शिसं गोळा करून गॅरेजमध्ये वितळवतात. मुलगा दोन वर्षांचा आहे. काळजीचं कारण आहे का?

उत्तर : आहे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, पण घरात खरा धोका धुळीचा. शिशाचा चुरा कपड्याबुटांना चिकटून आत येतो आणि मुलं जमिनीला लागलेले हात तोंडात घालतात. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच. बूट-कपडे बाहेरच काढून वेगळे धुवायला सांगा. गॅरेजमधली भट्टी आजच बंद करा. वितळलेल्या शिशात टाकलेला तुकडा ओला असला तर वाफ होऊन तप्त शिसं अंगावर उडतं. पितळ न वितळवता भंगारात विकावं, मात्र त्यात एखादं जिवंत काडतूस नाही ना, हे एकेक तपासून. मुलाची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या.