जड गाडी वळणावर अधिक सुरक्षित असते काय?



जामखेडहून पाटोद्याकडे येताना सौताड्याच्या घाटातून रस्ता बालाघाटावर चढतो. अशा रस्त्यांवर एके काळी मुख्यतः दोनच मोटारी दिसत : उत्तरपाड्याची अँबॅसिडर आणि कुर्ल्याची फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. तरी हौशी लोक या जुन्या गाड्या अजून घेतात. "अँबॅसिडर जड, म्हणून घाटात रस्ता धरून चालते," असेही ते सांगतात. हे खरे आहे काय?

प्रथम चढ पाहू. अँबॅसिडरचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती, वजन सुमारे ११०० किलोग्रॅम. पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, वजन सुमारे ९०० किलोग्रॅम. शक्तीला वजनाने भागा. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच येतात! मोठ्या इंजिनाचा फायदा गाडीच्या वजनातच खर्च होतो.

आता वळणाकडे या. गाडी वळवण्यासाठी अभिकेंद्री बल लागते :

वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ वळणाची त्रिज्या

सपाट वळणावर हे बल टायर व रस्ता यांमधील घर्षण पुरवते. ते जास्तीत जास्त किती?

घर्षणांक × वस्तुमान × गुरुत्वीय त्वरण

दोन्ही बाजू समान मांडल्या की वस्तुमान उडून जाते! जड गाडीला घर्षण अधिक मिळते हे खरे, पण तिला वळवायला बलही तितकेच अधिक लागते. उरते ते एवढेच :

वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्वीय त्वरण × त्रिज्या

समजा, त्रिज्या ४० मीटर आणि कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०.७ आहे. गुरुत्वीय त्वरण १० धरले, तर कमाल वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर येतो. पावसात गुळगुळीत टायरांमुळे घर्षणांक ०.३५ झाला, तर तो ४३ वर उतरतो. ब्रेकचे पाहा : ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चाके घसरत थांबायला पहिल्या स्थितीत २० मीटर घेईल, दुसऱ्या स्थितीत ४० मीटर. दोन्ही गाड्यांना हेच आकडे लागू आहेत.

मग फरक कोठे आहे? अँबॅसिडर सुमारे १.६ मीटर उंच, पद्मिनी सुमारे दीड मीटर. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकी गाडी वळणावर अधिक कलते. उलट, अँबॅसिडरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर जास्त असल्याने खड्ड्यांच्या रस्त्यावर ती कमी हिंदकळते. पद्मिनी अरुंद जागेत चटकन वळते.

एका ठिकाणी मात्र वस्तुमान उडून जात नाही. उतारावर ब्रेक लावताना गाडीची ऊर्जा उष्णता बनते आणि जड गाडीचे ब्रेक अधिक तापतात. ते फार तापले की त्यांची पकड कमी होते. म्हणून घाट नेहमी खालच्या गिअरमध्ये उतरावा.

करून पाहा : दोन सारख्या काड्यापेट्या घ्या. एक रिकामी ठेवा, दुसरीत वाळू भरा. दोन्ही एका फळीवर शेजारीशेजारी ठेवून फळीचे टोक हळूहळू उचला. दोन्ही पेट्या जवळजवळ एकाच कोनाला घसरतील.

तेव्हा घरी कोणी जुनी गाडी पाहायला निघाले, तर तिच्या वजनाचे कौतुक ऐकण्याआधी वाकून टायरांच्या खाचा पाहा. ओल्या वळणावर गाडीला सांभाळतात त्या खाचाच.