घटक ५ : सामायिक प्रिंटर, त्याचा ड्रायव्हर आणि देवनागरी मजकूर

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर संगणकातील मराठी मजकूर कागदावर उतरेपर्यंत कोणकोणत्या टप्प्यांतून जातो, हे आपणांस सांगता येईल. कार्यालयातील अनेक संगणकांसाठी एकच प्रिंटर सर्व्हरवरून सामायिक करताना कोणत्या गोष्टी ठरवाव्या लागतात, हे समजेल. मुख्य म्हणजे, कागदावर मराठी चुकीची उमटली तर तो दोष कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे त्या चुकीच्या स्वरूपावरूनच ओळखता येईल.

५.१ प्रास्ताविक

मराठीच्या अभ्यासक्रमात प्रिंटरचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर एका प्रसंगातून देतो. काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात गगनबावडा तालुक्यातील एक विद्यार्थिनी बोनाफाईड दाखला नेण्यासाठी आली होती. एका अर्जासोबत तो जोडायचा होता आणि मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. तिचे आडनाव ‘कुऱ्हाडे’ होते, असे समजू. दाखल्यावर ते ‘कुर्हाडे’ असे उमटले. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावाशी ते जुळेना, म्हणून अर्ज स्वीकारणाऱ्याने दाखला परत पाठवला. कार्यालयाचे निदान एका वाक्याचे होते : ‘प्रिंटरला मराठी नीट येत नाही.’ मी तेथे उभा होतो आणि भाषाविज्ञानाचा अभ्यासक असूनही त्या वाक्याला मान डोलावली. प्रिंटरचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवण्यात आला. त्या खटाटोपात कार्यालयातील सर्वच संगणकांचे मुद्रण अर्धा दिवस बंद पडले आणि सायंकाळी निघालेल्या कागदावर रफार जिथल्या तिथेच होता. या प्रसंगाकडे आपण शेवटी परत येऊ.

परिभाषेविषयी दोन शब्द. शासकीय परिभाषेत प्रिंटरसाठी ‘मुद्रक’ आणि ड्रायव्हरसाठी ‘चालक’ असे प्रतिशब्द आढळतात. परंतु पुस्तकाच्या पहिल्या पानांवर ‘मुद्रक व प्रकाशक’ असे छापलेले असते तेव्हा तो मुद्रक माणूस असतो, आणि चालक म्हटले की आपल्याला एसटीच आठवते. म्हणून येथे कार्यालयांत रूढ असलेले प्रिंटर, ड्रायव्हर, सर्व्हर हेच शब्द वापरले आहेत. लिपीतील अक्षरांच्या आकारांचा जो संच संगणकात असतो, त्याला ‘टंक’ म्हणतात; तोही आपण ‘फाँट’ या परिचित नावानेच ओळखू.

५.२ विषय-विवेचन : शब्दाचा कागदापर्यंतचा प्रवास

‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत तो दहा संकेतांनी साठवला जातो : व, ऱ्हस्व इकार, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ आणि दीर्घ ईकार. हा क्रम उच्चाराचा आहे, लेखनाचा नव्हे. ऱ्हस्व इकार ‘व’ नंतर साठवला जातो, पण कागदावर ‘व’ च्या आधी काढावा लागतो. ‘र’ हा ‘थ’ च्या आधी साठवला जातो, पण रफार होऊन त्याच्या डोक्यावर जातो. द आणि य यांचे जोडाक्षर होते. म्हणजे साठवलेला शब्द आणि दिसणारा शब्द यांच्यामध्ये लिपीच्या व्याकरणाचे एक संपूर्ण प्रकरण दडलेले आहे. ‘संकेत’ आणि ‘आकार’ यांतील हा भेद मनात पक्का करा. पुढचे सारे विवेचन त्यावरच उभे आहे.

संकेतांचे आकार करण्याचे काम प्रिंटर करीत नाही, सर्व्हरही करीत नाही. ते आपल्या समोरच्या संगणकात होते. विंडोज प्रणालीत देवनागरीसाठी ही सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली आणि तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता. त्यापूर्वी, आणि नंतरही बराच काळ, मराठी छपाई श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींवर चालत असे. त्यांच्या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकारांचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट असलेल्या संगणकावर मजकूर मराठी दिसे, नसलेल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसे. राजारामपुरीतल्या डीटीपीच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर फाईल आणून ती कार्यालयातल्या संगणकावर उघडणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

आकार ठरले की ते प्रिंटरच्या भाषेत सांगावे लागतात. प्रिंटरच्याही भाषा आहेत. ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट आणि एचपी कंपनीची पीसीएल या त्यांतील दोन प्रमुख होत. ‘या ठिकाणी हा आकार काढ, या जाडीची रेघ ओढ’ अशा आज्ञा या भाषांत असतात. आपल्या संगणकाचे म्हणणे या भाषेत उतरवणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. डॉसच्या काळी शब्दलेखनाच्या प्रत्येक प्रोग्रॅमला आपापला वेगळा दुभाषी पदरी बाळगावा लागे. पुढे तो संगणकाच्या मूळ प्रणालीने सर्वांसाठी एकच ठेवला.

५.३ सर्व्हरवरील मांडणी

एका खोलीत पाच संगणक आणि एक प्रिंटर असेल, तर तो दोन रीतींनी सामायिक करता येतो. पहिली रीत सोपी : एका संगणकाला यूएसबीने प्रिंटर जोडायचा आणि तो इतरांसाठी खुला करायचा. हिची अडचणही तितकीच सरळ आहे. तो संगणक बंद करून लिपिक रजेवर गेला की इतर चौघांचे मुद्रण थांबते. दुसऱ्या रीतीत प्रिंटर थेट नेटवर्कला जोडलेला असतो, त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो आणि सर्व्हर त्याच्या वतीने सर्वांची कामे स्वीकारून रांगेत लावतो. रांग सांभाळणाऱ्या या घटकाला स्पूलर म्हणतात.

दुसऱ्या रीतीत पहिली काळजी पत्त्याची. प्रिंटरला पत्ता आपोआप मिळत असेल तर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो. सर्व्हर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ असे दिसते. प्रिंटर चालू आहे, कागद भरलेला आहे, तरी छपाई नाही, या नेहमीच्या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते. म्हणून प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा. त्यानंतर सर्व्हरवरील ‘प्रिंट मॅनेजमेंट’ मध्ये त्या पत्त्याचा पोर्ट तयार करावा, प्रिंटरच्या नेमक्या प्रतिरूपाचा ड्रायव्हर बसवावा आणि सामायिक नाव द्यावे. हे नाव लहान, रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता दिलेले बरे. आपला लिपीविषयक अभिमान दाखवण्याची ही जागा नव्हे. तो दाखल्यावर दाखवू.

इतर संगणकांनी हा प्रिंटर जोडला की ड्रायव्हर त्यांना सर्व्हरकडूनच मिळतो. कार्यालयात बत्तीस बिटचे जुने संगणक शिल्लक असतील तर ‘शेअरिंग’ या पानावरील ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ येथून त्यांचाही ड्रायव्हर सर्व्हरवर ठेवावा लागतो. येथे एक अलीकडचा बदल लक्षात घ्या. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमधील एक गंभीर त्रुटी उघड झाली. ‘प्रिंट नाइटमेअर’ या नावाने ती ओळखली जाते. स्पूलरला संगणकात सर्वोच्च अधिकार असतात, त्यामुळे ड्रायव्हरच्या वेषात घातक प्रोग्रॅम आत शिरवणे तिच्यामुळे शक्य होत होते. त्यावर उपाय म्हणून ऑगस्ट २०२१ च्या सुधारणेपासून, सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवून घेण्यास प्रशासकाचा परवलीचा शब्द लागू लागला. पूर्वी एका टिचकीसरशी जोडला जाणारा प्रिंटर आता परवानगी मागतो, तो बिघाड नव्हे. दुभाषी कोणाच्या सांगण्यावरून घरात घेतला, याची ती चौकशी आहे.

लिनक्सवर हेच काम ‘कप्स’ ही प्रणाली करते. नवे प्रिंटर आयपीपी या नियमावलीने बोलत असतील तर वेगळ्या ड्रायव्हरची गरजही बहुधा उरत नाही.

५.४ सर्वांसाठीचे आणि स्वतःपुरते

विंडोजमध्ये एकाच प्रिंटरच्या दोन सारख्या दिसणाऱ्या खिडक्या आहेत : ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ आणि ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’. पहिलीत केलेला बदल तो करणाऱ्यापुरता असतो. दुसरी ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर असते आणि सर्व्हरवर तिच्यात ठरवलेली मांडणी नव्याने जोडणाऱ्या सर्वांना मिळते. सर्व्हरवर बसून पहिलीत कागद ए-फोर करायचा आणि इतरांना तो का मिळत नाही म्हणून चकित व्हायचे, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. दोन्ही नावांत ‘प्रिंटिंग’ आहे. भेद दुसऱ्या शब्दात आहे, आणि घाईत आपण पहिलाच शब्द वाचतो.

कागदाच्या मापाचा प्रश्न क्षुल्लक नाही. अनेक ड्रायव्हर अमेरिकेत रूढ असलेले ‘लेटर’ हे माप गृहीत धरतात. ए-फोर कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर, तर लेटर २१६ गुणिले २७९ मिलिमीटर असतो. लेटर १८ मिलिमीटरने आखूड असल्याने ए-फोरसाठी मांडलेल्या पानाची शेवटची ओळ, म्हणजे बहुधा सहीची जागा, कापली जाऊ शकते. काही प्रिंटर तर लेटर कागद घाला म्हणून अडून बसतात. घरचा प्रिंटर अडला तर एकाचे काम अडते. सामायिक प्रिंटर अडला की मागची सारी रांग तिष्ठत राहते.

दुसरी मांडणी शाईबचतीची. काटकसर म्हणून सर्वांसाठी ती चालू ठेवली जाते. रोमन लिपीत तिने फारसे बिघडत नाही. देवनागरीत मात्र लहान अक्षरांतील अनुस्वाराचा ठिपका फिकट होतो, आणि ‘मांडी’ व ‘माडी’ यांतील सारा अर्थभेद त्या ठिपक्यावर असतो. दाखले व प्रमाणपत्रे यांसाठी त्याच प्रिंटरचे, बचत बंद असलेले, दुसरे सामायिक नाव सर्व्हरवर तयार करता येते. यंत्र एकच, नावे दोन, मांडण्या दोन.

५.५ चुकीचे वाचन

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कागदावरची चूक हा पुरावा असतो. तो वाचता आला पाहिजे. मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसला तर फाईल जुन्या फाँटमधील आहे आणि तो फाँट या संगणकावर नाही. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले तर संकेत बरोबर आहेत, पण निवडलेल्या फाँटमध्ये ते आकार नाहीत. ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे गेला आणि जोडाक्षरे सुटून हलन्त दिसू लागले, तर आकार जुळवणारा टप्पाच गाळला गेला आहे. त्या प्रोग्रॅमला देवनागरीचे व्याकरण ठाऊक नाही. या तिन्ही चुका बहुधा पडद्यावरही दिसतात. म्हणूनच ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी पडदा पाहावा.

पडद्यावर शुद्ध आणि कागदावर अशुद्ध असेल तेव्हाच ड्रायव्हरचा संशय घ्यावा. काही ड्रायव्हर वेग वाढवण्यासाठी संगणकातील फाँटऐवजी प्रिंटरमधील फाँट वापरतात. ही अदलाबदल बंद करता येते. तातडीचे काम असेल तर मजकूर पीडीएफ करून, सोय असल्यास ‘प्रिंट ॲज इमेज’ हा पर्याय निवडून छापावा. पानामागून पान आज्ञांच्या ओळींनी भरून येऊ लागले, तर दुभाषी एका भाषेत बोलतो आहे आणि प्रिंटरला दुसरीच कळते आहे. अशा वेळी सर्व्हरवर चुकीचा ड्रायव्हर बसलेला असतो. प्रथम रांग थांबवा, कागद वाचतील.

एक चूक अशी की ती चूकच नव्हे. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे पाठ्यपुस्तकापेक्षा निराळी उमटतात, अशी तक्रार होते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मान्य केले आहेत. काही फाँटमध्ये मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्यावरच मराठी वळण मिळते. प्रिंटर येथे सर्वस्वी निर्दोष आहे.

आणि ‘कुर्हाडे’? बाकी सारा दाखला शुद्ध होता. जोडाक्षरे नीट, इकार जागेवर, अनुस्वार ठळक. ड्रायव्हर बिघडला असता तर एकाच अक्षरापुरता कसा बिघडेल? दुसऱ्या दिवशी फाईल उघडून आडनाव मोठे करून पाहिले तेव्हा पडद्यावरही रफारच होता. मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ऱ. युनिकोडमध्ये या ‘ऱ’ ला स्वतंत्र संकेत आहे. लिपिकाने रोमन कळफलकावरून उच्चारानुसार टंकलेखन केले होते आणि त्या प्रोग्रॅमने साधा ‘र’ घेऊन रफार दिला होता. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ ची कळ, मग हलन्ताची ‘डी’, मग ‘ह’ ची ‘यू’, एवढे केल्यावर ‘ऱ्ह’ उमटला. विद्यार्थिनी दुसऱ्यांदा गगनबावड्याहून एसटीने आली होती. दाखला मुदतीच्या शेवटच्या दुपारी तिच्या हाती पडला.

५.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘श्रद्धा’ आणि ‘वर्षिक’ नव्हे, ‘वार्षिक’ या दोन शब्दांचे संकेत उच्चारक्रमाने लिहा. कोणते आकार साठवणुकीच्या क्रमापेक्षा वेगळ्या जागी उमटतात ते सांगा.

२. पडद्यावर शुद्ध दिसणारा मजकूर एका संगणकावरून बरोबर आणि दुसऱ्यावरून चुकीचा छापला जातो. प्रिंटर एकच आहे. आपण कोणत्या क्रमाने तपासणी कराल, ते कारणांसह लिहा.

५.७ उपक्रम

विद्यार्थी, दर्या, दऱ्या, कुऱ्हाड, श्रद्धा, उद्ध्वस्त, लक्ष्मी, शाळा, माडी, मांडी हे दहा शब्द एका पानावर नऊ, अकरा आणि चौदा या तीन मापांत टंकलिखित करा. अभ्यासकेंद्रातील किंवा आपल्या कार्यालयातील सामायिक प्रिंटरवर ते पान दोन वेगवेगळ्या संगणकांवरून छापा. एकदा शाईबचत चालू ठेवून, एकदा बंद करून. चारही कागदांवर आपले निरीक्षण पेन्सिलीने नोंदवा आणि पुढील संपर्कसत्राला समंत्रकांना दाखवण्यासाठी सोबत आणा.