ईकोचा सायलेन्सर चोरीला गेला, आता?

प्रश्न : रात्री सोसायटीबाहेर लावलेल्या माझ्या मारुती ईकोचा सायलेन्सर चोरीला गेला. जुन्या बाजारात तो स्वस्तात मिळतो म्हणतात. घेऊ का? – एक वाचक, चाकण

उत्तर : कृपा करून घेऊ नका. चोरांचा डोळा पत्र्यावर नसतो, तर सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागावर असतो. त्यातल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ लेप असतो. ही जाळी काढून घेतलेले पोकळ नळकांडे पुन्हा विकले जाते. बाहेरून पाहून ते ओळखू येत नाही. शिवाय चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

आधी पोलिसांत एफआयआर नोंदवा. नुसत्या तक्रार अर्जाच्या पोचपावतीवर समाधान मानू नका. मग लगेच विमा कंपनीला कळवा आणि सर्वेक्षक येईपर्यंत दुरुस्ती थांबवा. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर घसारा वजा करून भरपाई मिळू शकते. फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही.

तोवर गाडी चालवू नका. तुटक्या नळीतून निघणारा विषारी धूर थेट गाडीत शिरू शकतो. नवा भाग बसवताना त्यावर गाडीचा नंबर कोरून घ्या.