प्रोग्राम वेगळा, सामग्री वेगळी



भीमजयंती वा धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त आपले तरुण छायाचित्रे, भाषणे व चलच्चित्रे असलेले मल्टिमीडिया प्रोग्राम संगणकावर तयार करतात, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र ही सामग्री प्रोग्रामच्या पोटात ठेवावी की बाहेर, याचा विचार आधी केला पाहिजे.

सारे एकाच फाइलमध्ये भरले तर ने-आण सोपी होते. परंतु फाइल अवजड होते आणि एक फोटो बदलायचा तरी संपूर्ण प्रोग्राम पुन्हा बांधावा लागतो. दुसरी पद्धत ग्रंथालयाच्या सूचीपत्रासारखी आहे. सूचीपत्रात ग्रंथ नसतो, त्याचे ठिकाण असते. तसेच प्रोग्राममध्ये केवळ फाइलचे नाव व मार्ग लिहितात आणि तो चालू असताना, गरज पडेल तेव्हा ती फाइल बाहेरून आणली जाते.

मॅक्रोमीडियाच्या 'फ्लॅश एमएक्स'मध्ये 2002 पासून जेपीईजी चित्रे व एमपीथ्री ध्वनी असे आणता येऊ लागले. पुढे फ्लॅश अडोबी कंपनीकडे गेले व 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार संपला. ज्यांची सामग्री केवळ फ्लॅशच्या पोटात होती, त्यांना ती बाहेर काढणे जिकिरीचे झाले. ज्यांनी ती वेगळी ठेवली होती, त्यांची तीच चित्रे व तोच ध्वनी आज साध्या एचटीएमएल पानावर चालतो.

पुढील पथ्ये पाळावीत :

1) चित्रे व ध्वनी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवून मार्ग तेथून लिहावा. 'सी ड्राइव्ह'पासूनचा मार्ग दुसऱ्या संगणकावर सहसा सापडत नाही.

2) फाइलची नावे लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत. विंडोज सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स सर्व्हर करतो. म्हणून घरी दिसणारा फोटो संकेतस्थळावर दिसेनासा होतो.

3) फाइल पूर्ण येईपर्यंत पडद्यावर तशी सूचना असावी. फाइल न मिळाल्यास प्रोग्राम अडून बसू नये.

4) प्रत देताना संपूर्ण फोल्डर द्यावा. मूळ ध्वनिमुद्रणे दोन ठिकाणी जपावीत.

1956 च्या नागपूरच्या दीक्षा समारंभाचे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत. त्यांच्या आठवणी कोणी मुद्रित केल्या, तर तो आवाज कोणत्याही एका सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करू नये. तथागतांनी सर्व संस्कार अनित्य सांगितले. सॉफ्टवेअर त्याला अपवाद कसे असेल? प्रोग्राम जुना होईल, नवा लिहिता येईल. गेलेला आवाज मात्र पुन्हा मिळणार नाही.